मगरिब आणि कन्हानचे घड्याळ

मशिदीतल्या वेळांच्या फलकावर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची घड्याळे असतात. फजर, जोहर, असर, इशा यांचे काटे महिना महिना हलत नाहीत. मगरिबच्या घड्याळाचे मात्र मुअज्जिनला सतत काही ना काही करावे लागते. कुठे तो दर चार-आठ दिवसांनी काटा सरकवतो, कुठे त्या जागी सरळ 'गुरूबे आफताब' एवढेच लिहून ठेवतो. इतर नमाजांची जमात माणसे आपल्या सोयीने ठरवतात, मगरिबची सूर्य ठरवतो. अजान संपते न संपते तोच इकामत सुरू होते. मग तीन रकात फर्ज, पहिल्या दोन मोठ्याने, तिसरी मनात. त्यानंतर दोन सुन्नत. मुसाफिराला जोहर, असर, इशा निम्म्या होतात, पण मगरिबच्या तीन प्रवासातही तीनच राहतात.

या घाईचे मूळ जुने आहे. हजरत जिब्रील यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना दोन दिवस नमाज पढवून वेळा दाखवल्या, अशी हदीस आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक नमाज वेळेच्या आरंभी, दुसऱ्या दिवशी अखेरीस. मगरिब मात्र दोन्ही दिवशी सूर्य मावळताच. यावरूनच इमाम शाफई यांच्या नव्या मताप्रमाणे मगरिबची वेळ अगदी अरुंद ठरली: वजू, अजान, इकामत आणि पाच रकाती होतील एवढीच. परंतु 'सहीह मुस्लिम'मध्ये दुसरी हदीस आहे. मदिनेत एकाने वेळा विचारल्या, तेव्हा प्रेषितांनी दुसऱ्या दिवशी मगरिब लांबवून शफक, म्हणजे संधिप्रकाश, मावळण्याच्या बेतात असताना पढवली. या आधारावर इमाम नववींसारख्या मोठ्या शाफई विद्वानानेही रुंद वेळेचेच मत उचलून धरले. हनफींचे मत आधीपासून तेच. वाद एवढाच की शफक म्हणजे लाली की तिच्यामागून राहणारी पांढुरकी आभा. इमाम अबू हनीफा आभा धरतात, त्यांचे दोन्ही थोर शिष्य लाली. कोकणातील शाफई आणि आपल्याकडचे वऱ्हाड-नागपूरचे हनफी, दोघांनाही ही सवलत आहे.

फिक्हच्या ग्रंथातली ही चर्चा कन्हानसारख्या कामगारांच्या गावात पोटापाण्याची होते, म्हणून ती येथे मांडली.

कन्हान नदीच्या एका तीरावर कामठी, दुसऱ्या तीरावर कन्हान. मध्ये ब्रिटिशकालीन दगडी पूल. 1821 मध्ये कामठीची छावणी वसली. पुढे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती वाढली. हातमागवाल्याला मगरिब जड नव्हती. माग घरातच, धोटा चालायचा तो उजेडावर. उजेड गेला की हात थांबत. पण 1877 च्या पहिल्या दिवशी नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि 1880 च्या दशकात छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे कन्हानवरून धावू लागली. भोंगा आणि शिट्टी मावळतीकडे पाहत नाहीत.

घड्याळाचीही एक गंमत आहे. 1870 नंतर रेल्वेने मद्रासची वेळ देशभर लावली. कन्हानचे रेखांश मद्रासच्या जवळचे, त्यामुळे रेल्वेचे घड्याळ इथल्या सूर्यापेक्षा जेमतेम चार मिनिटे पुढे होते. 1 जानेवारी 1906 पासून सध्याची प्रमाणवेळ आली आणि हा फरक तेरा मिनिटांचा झाला. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945, काटे आणखी तासभर पुढे ढकलले गेले. त्या वर्षांत जूनमधली मगरिब घड्याळात आठच्या सुमारास येई. नदीपलीकडचा सूर्य होता तिथेच होता, म्हणा.

आज कन्हानला सूर्य नोव्हेंबरअखेर साडेपाचच्या आसपास मावळतो, जुलैच्या आरंभी सातच्या आसपास. मुंबईत तो साधारण पंचवीस मिनिटे उशिरा बुडतो. म्हणून मुंबईची छापील जंतरी इथे भिंतीवर टांगून भागत नाही. तिच्यावर रोजा सोडणारा पंचवीस मिनिटे उगाच उपाशी राहील. सेहरीला तीच जंतरी पाहिली, तर उलट फजर लागल्यावरही तो खात बसेल!

कोळसा खाणींत पेच अधिक कठीण. भूमिगत खाणीत दुपारपाळीला उतरलेल्याला असरही दिसत नाही, मगरिबही नाही. उन्हाळ्यातला सूर्य आणि हिवाळ्यातला सूर्य खाली सारखेच. त्याच्यापाशी फक्त घड्याळ. अशा माणसाला 'पंधरा मिनिटे गेली, मगरिब कजा झाली' असे सांगणारे आपल्यात कमी नाहीत. मावळतीपासून शफक संपेपर्यंत आपल्या अक्षांशावर सुमारे सव्वा तास मिळतो. विनाकारण उशीर करणे मकरूह, ते खरेच. पण सबब असलेल्याची नमाज त्या सव्वा तासात अदाच होते, कजा नव्हे. हज करणाऱ्याला तर मुजदलिफाला पोहोचेपर्यंत मगरिब थांबवून इशासोबत पढायचा हुकूमच आहे.

घरातल्या बाईची मगरिब कोणी मोजत नाही. तिच्या वाट्याला तीच वेळ चुलीची, दिव्याची, पोरांना घरात घेण्याची. अंधार पडताना मुलांना आत घ्या, ही हदीस. तिन्हीसांजेला पोर बाहेर ठेवू नये, हे शेजारच्या आजीचेही सांगणे. दोघींची हाक एकाच वेळी गल्लीत उठते. रमजानमध्ये अजान आणि जमात यांच्यामध्ये इफ्तारासाठी काही मिनिटे ठेवण्याचा शहाणपणा आपल्या मशिदींनी दाखवला आहे. भांडी आवरून मुसल्ल्यावर येणाऱ्या बाईला तो वर्षभर लागतो.

आपला दिवसही इथूनच उजाडतो, मावळतीपासून. गुरुवारला आपण जुमेरात म्हणतो ते उगीच नव्हे: त्या संध्याकाळच्या मगरिबला जुम्याची रात्र लागते. चांद दिसतो तोही मगरिबनंतरच, आणि त्यासाठी अजूनही कन्हानच्या पुलावर माणसे पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात, खिशात मोबाइल असूनही.