खिशातली माळ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला जरीपटक्याच्या इतिहासावर काहीतरी लिहा असे सांगितले. वस्ती कशी वसली, फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कशी आली, दुकाने कशी वाढली, हे सगळे आपल्यापैकी अनेकांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. त्यामुळे मी एक लहान वस्तू निवडली. ती इथल्या कॅथलिक पुरुषांच्या खिशात असते किंवा एके काळी असायची. तिला आपण रोझरी म्हणतो, शुद्ध मराठीत जपमाळ. ही माळ पुरुषाने दिवसभर जवळ कशी बाळगायची, हा प्रश्न साधा वाटतो. पण त्याला सातशे-आठशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुख्यतः कष्टकरी माणसांचा आहे.

जे मित्र ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. नेहमीच्या रोझरीत ५९ मणी असतात. त्यांतले ५३ मणी 'नमो मारिया' या प्रार्थनेचे आणि ६ प्रभूच्या प्रार्थनेचे. दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात, त्यांना दशक म्हणतात. प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मारियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. ही रहस्ये शतकानुशतके पंधरा होती. १६ ऑक्टोबर २००२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली आणि ती वीस झाली.

आपल्या वस्तीत माळ कोणालाच नवी नव्हती. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, जपाला बसणाऱ्या आजीच्या हातात १०८ मण्यांची, मुसलमान मित्राच्या वडिलांच्या बोटांत ९९ किंवा ३३ दाण्यांची तसबीह, नानकपंथी सिंधी घरातल्या आजोबांच्या मनगटाशी २७ मण्यांची सिमरनी. आकडे वेगळे असले तरी काम एकच : मोजण्याची जबाबदारी बोटांवर टाकायची आणि मन मोकळे ठेवायचे. फरक आहे तो बाळगण्याच्या रीतीत. वारकऱ्याची माळ गळ्यात असते आणि ती घातली की माणूस माळकरी होतो. त्याचे खाणेपिणे बदलते आणि गावाला ते दिसते. रोझरी हातात घ्यायची वस्तू आहे. प्रार्थना संपली की ती कुठेतरी ठेवावी लागते आणि बाळगण्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मध्ययुगीन युरोपात मठातले विद्वान साधू स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रे लॅटिनमध्ये म्हणत. मठातच शेती, स्वयंपाक, सुतारकाम करणाऱ्या बांधवांना वाचता येत नसे. ते स्तोत्रांच्या ऐवजी प्रभूची प्रार्थना तितक्या वेळा म्हणत आणि गणती चुकू नये म्हणून दोरीत मणी ओवत. पुढे मारियेच्या प्रार्थनेची माळ रूढ झाली आणि पंधरा दशके मिळून १५० हा आकडा कायम राहिला. म्हणजे या माळेचे मूळ निरक्षर, हाताने काम करणाऱ्या माणसाच्या गरजेत आहे. १२६८ च्या सुमारास एतियेन ब्वालो याने पॅरिसच्या कारागिरांचे नियम लिहून ठेवले, त्यांत माळेचे मणी करणाऱ्यांचे वेगवेगळे संघ आहेत : हाड-शिंगाचे मणी करणारे, पोवळे-शिंपल्याचे करणारे आणि अंबराचे करणारे. लंडनमधल्या पॅटरनॉस्टर रो या रस्त्याच्या नावातही तीच आठवण आहे. त्या काळचे पुरुष अशी माळ बहुधा कमरपट्ट्याला लटकवत. अंगरख्याला आजच्यासारखे खिसे नव्हते, पण पट्टा प्रत्येकाला होता.

१४७५ मध्ये जर्मनीतील कोलोन शहरात जपमाळेचे मंडळ स्थापन झाले. त्याला वर्गणी नव्हती, श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष कोणीही नाव नोंदवू शकत असे. १५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी माळेच्या प्रार्थनेचे स्वरूप अधिकृतपणे मान्य केले. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोची सागरी लढाई झाली आणि तिच्या आठवणीतून जपमाळेच्या मातेचा सण सुरू झाला; आज तो ७ ऑक्टोबरला असतो. १८८३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी संपूर्ण ऑक्टोबर महिना जपमाळेसाठी ठरवला. आपल्या नागपुरात ऑक्टोबरमध्ये नवरात्र असते, दीक्षाभूमीकडे जाणारे जथे असतात, आणि त्याच दिवसांत ख्रिस्ती घरांत संध्याकाळी माळ म्हटली जाते.

आता माळ नागपूरकडे आणतो. मराठी मुलखात ख्रिस्ती प्रार्थना जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ चे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली, पण गावोगावचे ख्रिस्ती तिथेच राहिले, आणि संध्याकाळी घरात एकत्र बसून रोझरी म्हणण्याची रीत वसईत आजही ओळखीची आहे. नागपूरचा प्रवाह मात्र दुसरीकडून आला. १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. ब्रिटिश सैन्यात तेव्हा आयरिश शिपाई फार मोठ्या संख्येने असत. १८३० च्या सुमारास दर पाच शिपायांत दोन आयरिश होते आणि त्यांतले बहुतेक कॅथलिक. मद्रासकडच्या फौजेबरोबर दक्षिणेतली ख्रिस्ती कुटुंबेही इकडे आली. फ्रान्समधल्या अ‍ॅनसी गावी १८३८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि पुढे नागपूर भागात त्यांनी काम केले. सदरची त्यांची शाळा १८७० ची. १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला, अलेक्सिस रिकाझ हे पहिले बिशप. त्याच १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि रेल्वेच्या नोकऱ्यांबरोबर गोव्याची, तामिळ, अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबेही या शहरात येत गेली. आपल्या शेजारचे मोतीबाग आणि २००२ मध्ये कडबी चौकाजवळ सुरू झालेले नॅरोगेज संग्रहालय त्याच रेल्वेची आठवण आहे.

या सगळ्यांच्या भाषा वेगळ्या होत्या. मराठी, तामिळ, कोंकणी, इंग्रजी, पुढे मल्याळम आणि हिंदी. पण मणी सारखेच होते. कुणी कुठल्याही भाषेत म्हणो, दहावा मणी आला की सगळ्यांची बोटे एकाच जागी थांबायची.

ज्या संताच्या नावाने हे मिशनरी आले, त्या फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ मध्ये संसारी माणसांसाठी भक्तीवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की भक्ती प्रत्येकाच्या धंद्याला साजेशी असावी. बिशपाने मठवासीयासारखे एकांतात राहणे किंवा कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसणे योग्य नव्हे. शिपाई, कारागीर, गृहस्थ यांनी आपल्या कामातच तिला जागा करावी. माळ बाळगण्याच्या प्रश्नाला याहून चांगले सूत्र मला सापडले नाही. इतिहासात त्याची उदाहरणे भरपूर आहेत.

आयर्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात कॅथलिकांवर कडक कायदे होते. तिथली परंपरा सांगते की पुरुष एकाच दशकाची छोटी माळ बाळगत. एका टोकाला क्रूस, दुसऱ्या टोकाला कडी. कडी अंगठ्यात अडकवायची, मणी बाहीत सरकवायचे, आणि दशक संपले की कडी पुढच्या बोटात घालायची. पाच बोटांत पाच दशके पूर्ण. खलाशी, प्रवासी यांच्यात दहा उंचवट्यांची अंगठी वापरात आली. बोटातच फिरवत मोजायचे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांकडे दिव्याच्या खेचसाखळीसारख्या धातूच्या मणिसाखळीच्या माळा होत्या, खंदकातल्या चिखलात सहज न तुटणाऱ्या. पूर्वेकडचे ख्रिस्ती मठवासी मण्यांच्या ऐवजी दोरीच्या गाठी वापरत. म्हणजे आज दुकानात ज्यांना नवी युक्ती म्हणून विकतात, त्यांतल्या बऱ्याचशा कुणा शिपायाने, खलाश्याने किंवा शेतकऱ्याने कधीच शोधून ठेवल्या आहेत.

आता आपल्या वयाच्या, आपल्या गावच्या पुरुषांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

शर्टाचा वरचा खिसा टाळावा. स्कूटर काढायला वाकलो की माळ खाली पडते, आणि पडलेली कळतही नाही. पँटचा उजवा खिसा चांगला, पण त्यात किल्ल्या आणि सुटे पैसे नकोत; साखळी त्यांत गुंतते आणि कडी उघडते. जुन्या लोकांकडे कापडी बटवा असे, तोच उत्तम. आपल्या काळातली कॅमेऱ्याच्या रोलची प्लास्टिकची डबी कुणाकडे शिल्लक असेल तर तीही चालते; माळ तीत नेमकी मावते. बंडीला किंवा जाकिटाला आतून खिसा असेल तर त्याहून बरे.

नागपूरचा उन्हाळा साखळीला सोसत नाही. घामाने मुलामा उडतो, सुती दोरा कुजतो. रोजच्या वापराला लाकडी मणी आणि जाड नायलॉनची दोरी टिकते. एका रानगवताचे राखाडी, टणक दाणे मिळतात, त्यांना निसर्गतःच आरपार भोक असते. त्यांची माळ हलकी आणि स्वस्त होते. यंत्रावर काम करणाऱ्याने गळ्यात किंवा मनगटात लोंबते काही घालू नये. त्याला दहा मण्यांची आखूड माळ किंवा गाठींची दोरी खिशात बरी. गाडी चालवताना जप तोंडाने करावा, बोटे ब्रेकवरच असू द्यावीत. आणि मोटारीच्या आरशाला लटकवलेली माळ ही बाळगलेली माळ नव्हे. ती गाडीची झाली, आपली नाही. वर समोरचे दिसण्यात अडथळा.

गळ्यात घालावी की नाही, यावर आपल्याकडे नेहमी वाद होतो. चर्चच्या कायद्यात तशी थेट मनाई नाही. कलम ११७१ एवढेच सांगते की आशीर्वादित वस्तू आदराने हाताळावी, भलत्या कामाला वापरू नये. दागिना म्हणून घातली तर ती भलत्या कामाची झाली, प्रार्थनेसाठी घातली तर नाही. तुटून दुरुस्त न होणारी माळ कचऱ्यात टाकू नये, पुरावी किंवा जाळावी, अशी रीत आहे.

माझे स्वतःचे मत खिशाच्या बाजूने आहे. आपल्या वस्तीचे नाव मराठी फौजेच्या निशाणावरून आलेले. जरीपटका सर्वांना दिसावा म्हणून असतो, दुरून ओळखू यावा म्हणून. माळेचे काम उलटे आहे. आपण इथे संख्येने थोडे. काहींना वाटते की लपवून ठेवावे, काहींना वाटते की ठळक दाखवावे. खिसा या दोन्हींच्या मधला आहे. तिथे माळ लपवलेली नसते आणि मिरवलेलीही नसते. कचेरीच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, गाडी उशिरा असताना फलाटावर हात खिशात जातो आणि एक दशक होते. शेजारच्याला कळले तरी हरकत नाही, नाही कळले तरी हरकत नाही.

हे सारे आता लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपण जरीपटक्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत पूर्वीपेक्षा अधिक वेळा भेटू लागलो आहोत. फादर यायला उशीर असतो, कुणीतरी माळ सुरू करायला हवी असते. तेव्हा पुरुष एकमेकांकडे पाहतात, मागे सरकतात, आणि शेवटी एखादी काकू पर्समधून माळ काढते व पहिला शब्द उच्चारते. आम्ही मागून अर्धे-अर्धे उत्तर देतो. ज्या माळेचा आकार शेतात, मठाच्या स्वयंपाकघरात आणि छावणीत पुरुषांच्या हातांनी घडला, ती आपण दोन पिढ्यांत बायकांकडे सोपवून मोकळे झालो. घरी देव्हाऱ्यात किंवा कपाटात ती असेल, पण ज्या घटकेला लागते त्या घटकेला खिसा रिकामा असतो. माळ बाळगणे म्हणजे ताईत बाळगणे नव्हे. ती जवळ असली म्हणून काही टळत नाही. ती जवळ असली की गरज पडेल तेव्हा उभे राहून सुरुवात करता येते, एवढेच.

तेव्हा मेळाव्याला येताना प्रत्येक कॅथलिक मित्राने एक माळ खिशात घालून यावे, ही विनंती. दुपारच्या जेवणाआधी दिवंगत वर्गमित्रांसाठी आपण एक दशक म्हणू. ज्यांना मौन पाळायचे आहे त्यांनी मौन पाळावे, ज्यांच्याकडे आपली माळ आहे त्यांनी आपली काढावी. आणि कुणी विसरलाच तर हाताला दहा बोटे आहेत. दशकाला तेवढी पुरतात.