काशीची पंचक्रोशी : घाटांपलीकडचा मुलूख
मराठी यात्रेकरूच्या मनातील काशी बहुधा घाटांपाशी संपते. परंतु पंचक्रोशी, म्हणजे काशीक्षेत्राची सुमारे 80 किलोमीटरची पायी प्रदक्षिणा, शतकानुशतके भाविकांना शहराबाहेरच्या शेतांतून आणि आमरायांतून नेत आली आहे. मणिकर्णिकेवर स्नान करून निघालेला यात्रेकरू क्षेत्र उजव्या हाताला ठेवून चालतो आणि कर्दमेश्वर, भीमचंडी, वरुणेकाठचे रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा येथे मुक्काम करतो. कर्दमेश्वराचे नागर शैलीतील, म्हणजे निमुळत्या शिखराच्या उत्तर भारतीय बांधणीतील, दगडी मंदिर शहरातील बहुतेक मंदिरांहून जुने आहे. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले विश्वनाथ मंदिरसुद्धा 1780च्या सुमाराचे आहे.

या वाटेवर सर्वाधिक गर्दी अधिकमासात होते, आणि साधारण 32 महिन्यांनी येणारा हा जादा चांद्रमास बहुतेकदा उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात पडत असल्याने वाटेवरच्या कुंडांना, विहिरींना, धर्मशाळांना आणि सावलीच्या झाडांना देवळांइतकेच महत्त्व आले. म्हणूनच अठराव्या शतकात बंगालमधील नाटोरच्या राणी भवानीने या मार्गासाठी केलेला दानधर्म मंदिर-बांधणीपेक्षा कमी मोलाचा मानता येत नाही. शहर पसरत गेल्याने शिवपूर आता वस्तीत मिसळले आहे. रामेश्वरकडे मात्र गहू-मोहरीची शेते अद्याप यात्रेकरूची सोबत करतात.