ढेपेतले प्रथिन आणि मुलाचे पोट

विदर्भात शेंगदाण्यांना 'फल्लीदाणे' म्हणतात आणि तेल काढून उरलेल्या चोथ्याला 'ढेप'. पश्चिम महाराष्ट्रातली 'पेंड' ती हीच. यवतमाळ जिल्हा कापसाचा, त्यामुळे तिथे ढेप म्हटली की आधी सरकीची आठवते. पण पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी भुईमूगही होतो. ढेप कशासाठी, असे विचारले तर कोणीही सांगेल, 'गाईबैलांसाठी'. एके काळी मात्र देशातल्या कुपोषणाचा प्रश्न हीच ढेप सोडवील अशी आशा शास्त्रज्ञांना होती. ती आशा का निर्माण झाली आणि पुढे तिचे काय झाले?

हा प्रश्न जुना झालेला नाही. आज 'जादा प्रथिनयुक्त' पीनट बटर मोठमोठ्या डब्यांत घाऊक भावाने मिळते. वसतिगृहासाठी किंवा शाळेतल्या मुलांसाठी ते घ्यावे का, असा विचार कुठेतरी होतच असतो. डब्यावरचा प्रथिनांचा आकडा ठळक असतो. त्या आकड्याला किती महत्त्व द्यायचे हे ठरवायला ढेपेचा इतिहास उपयोगी पडतो.

तेल माणसाला, ढेप बैलाला

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय दर्यावर्दींबरोबर तो जगभर पसरला आणि भारतातही रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरोमंडल किनाऱ्यावरचा भुईमूग पाँडिचेरीमार्गे फ्रान्समधल्या मार्सेय बंदराला जाऊ लागला. तिथे त्याचे तेल आणि साबण होत. म्हणजे बाजाराला दाण्यातले तेल हवे होते, बाकीचे दुय्यम होते.

पण त्या 'बाकीच्या'त काय असते? १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ४० ग्रॅम तेल आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. तेल काढून घेतले की प्रथिने मागे राहतात आणि त्यांचे प्रमाण वाढते. तेल जवळजवळ पूर्ण काढलेल्या पिठात ते निम्म्यावर जाते.

यवतमाळच्या शेजारी वर्ध्याला डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथल्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी बैलघाणी सुधारण्याचे काम केले. १९३५ मध्ये गांधीजींनी तिथेच सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मधून त्यांची माहिती दिली. गावात पिकणाऱ्या स्वस्त धान्यातून गरिबाचे ताट कसे सुधारेल, हा त्यामागचा विचार होता. सोयाबीन विदर्भाच्या शेतांत पसरायला पुढे अर्धे शतक लागले. पण स्वस्त प्रथिनांचा शोध तेव्हाच सुरू झाला होता.

म्हैसूरचे पीठ

१९५० मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या काळात 'इंडियन मल्टिपर्पज फूड' हे पीठ तयार झाले. त्यात तीन भाग तेल काढलेल्या शेंगदाण्यांचे पीठ आणि एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ असे. त्यात कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वे मिसळत. प्रथिनांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते.

हरभरा कशासाठी? प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. शेंगदाण्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. हरभऱ्यात ते पुरेसे असते. ज्वारीतही लायसिन कमीच. म्हणून भाकरीवर नुसती दाण्याची चटणी घेतली तर प्रथिने वाढतात, पण लायसिनची उणीव पूर्ण भरून निघत नाही. सोबत वरण असले की ती निघते.

त्या काळी साऱ्या जगाला प्रथिनांची चिंता लागली होती. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी १९५५ मध्ये प्रथिनांसाठी खास सल्लागार गट नेमला. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात 'येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा'चा इशारा दिला गेला. आपल्याकडे साठीच्या दशकातल्या दुष्काळाच्या सुमारास गहू आणि शेंगदाण्याच्या पिठाचा 'बालआहार' मुलांना वाटला जाऊ लागला. पुढे शेंगदाण्याची प्रथिने दुधात मिसळून म्हैसूरच्याच संस्थेने 'मिलटोन' हे पेय तयार केले.

टर्कींचा मृत्यू

या उत्साहाला पहिला धक्का इंग्लंडमधून बसला. १९६० मध्ये तिथे काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता घेता संशय त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर आला. पेंडीवर 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' नावाची बुरशी वाढलेली होती. तिच्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. ते यकृताला इजा करते आणि दीर्घकाळ पोटात जात राहिले तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

हे विष भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. शिवाय घाण्यात दाणे पिळले की त्यातले बहुतेक विष तेलात न जाता ढेपेत राहते. म्हणजे प्रथिने जिथे साठतात तिथेच विषही साठते. साठच्या दशकात प्रथिन सल्लागार गटाने अशा पिठांसाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. म्हणजे एका टनात फक्त ३० मिलिग्रॅम! माणसांसाठी पीठ करायचे तर निवडलेले, नीट वाळवलेले दाणे हवेत, बैलासाठी काढलेली ढेप चालणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

सुखात्म्यांचे गणित

दुसरा धक्का आकडेवारीतून आला आणि त्यात एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते अनेक वर्षे संचालक होते. भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे तपासून १९७० च्या सुमारास त्यांनी दाखवले, की ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात त्यांच्यातल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनाही असेच दिसले होते. सूज येणारी आणि नुसती वाळत जाणारी, अशा दोन्ही प्रकारच्या कुपोषित मुलांच्या आहारात फरक नव्हता.

हे गणित वर्गात करून पाहता येईल. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० किलोकॅलरी ऊर्जा आणि १६ ग्रॅम प्रथिने लागतात. १०० ग्रॅम ज्वारीत ३४९ किलोकॅलरी आणि १०.४ ग्रॅम प्रथिने असतात. मुलाने सारी ऊर्जा ज्वारीतूनच घ्यायची तर सुमारे ३९० ग्रॅम ज्वारी लागेल आणि तिच्यातून ४० ग्रॅम प्रथिने मिळतील. त्यांतली निम्मीच उपयोगी पडली असे धरले तरी ती पुरून उरतात. ऊर्जा कमी पडली तर मात्र शरीर खाल्लेली प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. मग महागड्या प्रथिनांची भुकटी देऊन काय साधले?

१९७३ मध्ये प्रथिनांच्या गरजेचे आंतरराष्ट्रीय आकडे खाली आणले गेले. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्या मोहिमेला 'प्रथिनांचा महान फज्जा' म्हटले. सुखात्म्यांच्या नंतरच्या काही निष्कर्षांवर वि. म. दांडेकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी कठोर टीका केली. पण 'आधी पोटभर अन्न' हा मुद्दा टिकला.

तेल परत आले

तरी एक अडचण उरतेच. ३९० ग्रॅम ज्वारी म्हणजे सहाएक भाकरी. पाच वर्षांचे मूल त्या खाईल का? कण्या किंवा पेज करावी तर पाण्यानेच पोट भरते. लहान पोटाला थोड्या घासात जास्त ऊर्जा हवी, आणि ती तेलात असते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५६७ किलोकॅलरी असतात. ५० ग्रॅम दाण्यांचे कूट पाच वर्षांच्या मुलाची दिवसाच्या ऊर्जेची पाचवा हिस्सा गरज भागवते आणि शिवाय साडेबारा ग्रॅम प्रथिने देते. म्हणजे प्रथिनांच्या मागे लागून दाण्यातला जो भाग आपण पिळून काढत होतो, त्याचीही मुलाला तेवढीच गरज होती.

१९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी तीव्र कुपोषित मुलांसाठी 'प्लम्पीनट' तयार केले. त्यात दाण्यांचा लगदा, दूध भुकटी, तेल, साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे असतात. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी असतात, पण प्रथिने फक्त तेरा ग्रॅमच्या आसपास. साध्या शेंगदाण्यांपेक्षा हे प्रमाण कमी आहे! त्यात पाणी नसल्याने जंतू सहजी वाढत नाहीत. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने घरी राहून उपचार घेणाऱ्या तीव्र कुपोषित मुलांसाठी अशा आहाराला मान्यता दिली.

भारतात त्यावर वाद झाला. २०१७ मध्ये केंद्राने पुरेसा पुरावा नसल्याचे राज्यांना कळवले. महाराष्ट्रातही त्याच्या वापरावरून चर्चा झडली. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूत झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीव्र कुपोषित मुलांपैकी स्थानिक ठिकाणी बनवलेला लगदा खाणारी ५६.९ टक्के, कारखान्यातला खाणारी ४७.५ टक्के आणि वाढीव घरगुती आहार घेणारी ४२.८ टक्के मुले सोळा आठवड्यांत सावरली. उपचार थांबल्यावर मात्र हा फायदा फारसा टिकला नाही. मूल पुन्हा त्याच अपुऱ्या ताटाकडे परतले होते.

घाऊक खरेदीपूर्वी

आता डब्याकडे वळू. समजा, साध्या पीनट बटरमध्ये शेकडा २५ आणि 'जादा प्रथिनयुक्त' डब्यात शेकडा ३० ग्रॅम प्रथिने आहेत. दोन मोठे चमचे म्हणजे ३२ ग्रॅम. फरक पडला १.६ ग्रॅमचा. एवढी प्रथिने सात ग्रॅम फुटाण्यांत मिळतात. या सात ग्रॅमसाठी आपण किती जास्त पैसे मोजतो, हे गणित विद्यार्थ्यांनाच घालावे.

दुसरा प्रश्न विषाचा. अफ्लाटॉक्सिन सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. पोत्यातले मोजकेच दाणे बाधित असतात. अख्ख्या दाण्यांतून सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे निवडता येतात. लगदा झाला की डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून घाऊक डब्यांबरोबर त्या विशिष्ट घाण्याचा, म्हणजे त्याच उत्पादन-गटाचा तपासणी अहवाल मागावा. दाणेच घ्यायचे तर कोरडे, सात-आठ टक्क्यांपेक्षा जास्त ओल नसलेले घ्यावेत आणि थोडे थोडे कुटावेत. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कोणाला दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे का, हेही विचारावे.

तिसरा प्रश्न, खरेदी कोणाकडून? अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नेमू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी सांगितले. बचत गटांना बाजूला सारणारी महाराष्ट्राची २०१६ ची निविदा न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत ताजे जेवण देण्याची तरतूद झाली. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी आणि झरी-जामणी तालुक्यांत अशी अनुसूचित गावे आहेत. त्या जेवणात डाळ, भाकरी, पालेभाजी आहे आणि शेंगदाण्याचा लाडूही आहे.

त्या लाडवात दाण्यातले तेल आणि प्रथिने दोन्ही शिल्लक असतात. शेजारी वरण असल्याने लायसिनची सोय होते. दाणे कसे निवडले, हे बायकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. लाडू रोज ठरल्याप्रमाणे ताटात पडतो की नाही, हे मात्र कोणत्याही डब्यावर छापलेले नसते. ते गावात जाऊनच पाहावे लागते, आणि त्या गावातल्या शिक्षकाला ते पाहणे सर्वांत सोपे आहे.