राजा दीनदयाळ : छायाचित्रकलेतील एक जैन नाव

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले. ट्रस्टची स्थापना झाली त्या वेळी मानखुर्द हे हार्बर मार्गावरील अखेरचे स्थानक होते. खाडी ओलांडून वाशीपर्यंत लोकल गाडी गेली ती १९९२ साली. त्या काळातील छायाचित्रे कोणाच्या ट्रंकेतून तर कोणाच्या देवघरातील कपाटातून निघाली. ती चाळत असताना एका जैन गृहस्थाचे वारंवार स्मरण होत राहिले. ज्यांनी १८९६ साली याच मुंबईत आपली छायाचित्रशाळा उघडली, ते लाला, पुढे राजा, दीनदयाळ. आपल्या समाजातील तरुणांना हे नाव फारसे परिचित नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे जैन जवाहिऱ्यांच्या कुटुंबात झाला. रत्नपारख हा घरचा व्यवसाय; परंतु त्यांनी रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८६६ च्या सुमारास इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली. वयाच्या तिशीत, १८७४ साली, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. नोकरीत जम बसलेल्या माणसाने खर्चिक आणि बेभरवशाची नवी विद्या शिकावयास घ्यावी, हे आजही घरच्यांना रुचणार नाही! इंदूरचे ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी मात्र त्यांना उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला आणि ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा येथील वास्तू टिपल्या. सोनागिरीच्या टेकडीवरील आपल्या जिनमंदिरांचेही त्यांनी छायाचित्र घेतले. मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रिफिन यांचा जो ग्रंथ १८८६ साली निघाला, त्यातील छायाचित्रे दीनदयाळ यांचीच होत.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे बटण दाबणे नव्हते. काचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, रौप्यक्षाराच्या द्रावणात ती काच बुडवावयाची आणि लेप ओला आहे तोवर, म्हणजे काही मिनिटांतच, चित्र घेऊन अंधाऱ्या तंबूत ते धुवून काढावयाचे. उन्हाळ्यात लेप लवकर वाळे आणि श्रम वाया जात. सुक्या काचा बाजारात आल्यावर हा त्रास मिटला. परंतु या कलेत एक अडचण अशी होती की जैन वाचकांच्या मनात ती येणारच. चित्रे ज्या कागदावर छापीत, त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे. आणि सुक्या काचांवरील जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनत असे. यावर काही लिहावे की लिहू नये, असा मला प्रश्न पडला. परंतु चाळीस वर्षे दुकानात बसून रेशमाच्या साड्या विकणाऱ्या माझ्यासारख्याने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये, हेच बरे.

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला. १८८६ साली सिकंदराबादेत चित्रशाळा निघाली. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली हैदराबादेत स्वतंत्र जनाना चित्रशाळा उघडून ती श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपविण्यात आली. गिऱ्हाईक दुकानात येऊ शकत नसेल तर दुकानाची रीत बदलावी, हे व्यापारी शहाणपण यात दिसते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली. त्याच वर्षी, त्याच शहरात, सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू जगासमोर मांडली होती, ही गोष्ट आपल्याला अभिमानाची वाटावी अशीच आहे.

मुंबईत छायाचित्रकला नवी नव्हती. येथे १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी आपली माणसे या क्षेत्रात पूर्वीच उतरली होती. अशा शहरात बाहेरून येऊन पेढी थाटणे धाडसाचेच होते. दुसऱ्याच वर्षी, १८९७ साली, राणी व्हिक्टोरियाचे नियुक्तिपत्र त्यांना लाभले. ज्ञानचंद व धर्मचंद हे दोघे पुत्र धंद्यात होते; पैकी धर्मचंद १९०४ साली निवर्तले आणि ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळ यांनीही मुंबईत देह ठेवला.

राजवाडे, शिकारी आणि दरबार यांची त्यांची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात. मला मात्र सर्वांत अधिक थांबविले ते दुसऱ्याच चित्रांनी. संवत १९५६ चा छप्पनिया दुष्काळ आपल्या राजस्थानी-गुजराती घरांतून आजही बोलण्यात येतो. १८९९-१९०० च्या त्याच दुष्काळात निजामाच्या राज्यातील औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील मदतकार्याची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या पेढीने घेतली. गरीबखान्यात आणलेली हाडांचे सापळे झालेली माणसे त्यांत दिसतात. सरकारचे पुण्यकार्य दाखविण्यासाठी ती घेतली होती, हे खरे. पण ती माणसे सरळ आपल्याकडे पाहतात, ते पाहणे कोणत्याही हुकुमाने ठरविलेले नसते. नवाब-सरदारांच्या चित्रांखाली नाव आणि किताब असतो. यांच्या चित्रांखाली त्यांची 'स्थिती' तेवढी लिहिलेली असते.

त्यांच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली मिळविल्या, म्हणून एवढे तरी सुरक्षित राहिले. भारतीय डाक विभागाने २००६ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले.

आता आपल्या छायाचित्रांविषयी. पायाभरणीच्या चित्रात बसलेल्या सर्व दानशूर मंडळींची नावे मला लावता आली. त्यांच्या मागे, उजव्या बाजूस, डोक्यावर घमेले घेतलेल्या दोन स्त्रिया व एक फावडेवाला उभा आहे. छायाचित्राच्या पाठीमागे त्यांची नावे नाहीत आणि मुद्रकाने चौकट नेमकी बसविण्यासाठी तो भाग कापावा असे सुचविले होते. मी तो कापू दिलेला नाही. या तिघांपैकी कोणालाही ओळखणारे कोणी वस्तीत असल्यास त्यांनी ट्रस्टच्या कार्यालयात सायंकाळी सहानंतर कळवावे, म्हणजे मूळ प्रतीच्या मागे नावे लिहून ठेवता येतील.