दिवाळीच्या तयार किल्ल्यांत राजगड का ओळखू येत नाही?

दिवाळीच्या तोंडावर पुण्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले विकायला येतात. साचा बहुतेकांचा एकच असतो: चार बुरुज, समोर मोठा दरवाजा, वर जाणाऱ्या सरळ पायऱ्या आणि माथ्यावर सिंहासनाची जागा. गिऱ्हाईक त्यालाच राजगड म्हणते, तोरणाही म्हणते. वेल्हे (आता राजगड) तालुक्यातले हे दोन्ही गड प्रत्यक्षात एकमेकांसारखे अजिबात नाहीत.

राजगडाची उंची १३७६ मीटर. मधोमध उभ्या कड्यांचा बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. शत्रूने एक माची घेतली तरी बाकीचा गड लढता राहावा, अशी ही रचना आहे. संजीवनीची तटबंदी दुहेरी असून पुढच्या भिंतीच्या आत दुसरी भिंत उभी आहे. सुवेळा माचीवर वाऱ्या-पावसाने खडकात पडलेले आरपार भोक, म्हणजे नेढे, आहे. चौकोनी साच्यात यातले काहीच मावत नाही. सुटसुटीत पेटीत बसणारी, एका ओतणीत निघणारी वस्तू हवी म्हटल्यावर पहिला बळी माच्यांचाच जातो, आणि माच्या गेल्या की राजगड उरत नाही.

दरवाजाचेही तसेच. मुख्य दार बुरुजांच्या आड, वळणावर दडवायचे ही शिवकालीन गडांची पद्धत. तयार किल्ल्यात मात्र ते नेमके समोर, शत्रूला आमंत्रण दिल्यासारखे असते. सिंहासनाबद्दल तर बोलायलाच नको. राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला.

सगळा दोष कारागिराचा मात्र नाही. प्रमाणाचे गणितच अवघड आहे. पाच सेंटिमीटरचा मातीचा मावळा हा १.७ मीटर उंचीचा माणूस धरला, तर प्रमाण १:३४ होते. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. या प्रमाणात ती एकटीच ७३ मीटर भरेल, अंगण सोडा, सोसायटीचे आवारही पुरणार नाही. उलट १:५००० प्रमाण घेतले तर माची अर्ध्या मीटरमध्ये बसते, पण सहा मीटर उंचीचा तट जेमतेम सव्वा मिलिमीटरचा होतो आणि मावळा दिसेनासा होतो. पायथ्यापासून सहाशे-सातशे मीटर उठलेला डोंगरही त्या प्रमाणात १२ ते १४ सेंटिमीटरच भरतो आणि बसका वाटतो. म्हणून जाणकारही उंची दुप्पट-तिप्पट वाढवतात. ही तडजोड रास्त आहे, कारण तिने गडाचा आकार बिघडत नाही.

मॉडेल रेल्वेच्या छंदातही हाच पेच आहे. १:८७ या प्रमाणातल्या गाड्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. हे रूळ युरोपातल्या १४३५ मिलिमीटर रुंदीवरून ठरले. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच प्रमाणात १९.३ मिलिमीटर हवा. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर चालवायचे म्हणून भारतीय इंजिनाचे मॉडेलही अरुंद रुळांवरच उभे राहते.

तोरणा १४०३ मीटर उंच, पसरलेला, झुंजार आणि बुधला माच्यांचा. बुधल्याच्या बाजूने निघालेली लांब डोंगरसोंड त्याला राजगडाशी जोडते. दोन्ही गड एकत्र करायला घेतले तरच ही सोंड दाखवता येते. भोरचा रोहिडा मात्र छोटेखानी, एकामागोमाग तीन दरवाजांचा. तयार साचा त्यातल्या त्यात बरा बसतो तो याच गडाला, पण त्याच्या नावाने किल्ला मागणारे थोडेच.

घरी करणाऱ्यांसाठी सोपा मार्ग आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. नकाशा दहापट मोठा केला की प्रत्येक रेषा चार मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा एक थर होते. थर कापून रचायचे, उंची दुप्पट हवी तर प्रत्येक थर दोनदा घ्यायचा, आणि वरून पोते व चिखल चढवायचा. तट मातीच्या बारीक वळीने दाखवावा, दरवाजे रंगाच्या ठिपक्याने. मोहरी किंवा अहळीव पेरायचे तर ते उतारावर पेरावे, माच्यांवर नको, नाहीतर तीन दिवसांत माच्या हिरवळीत बुडतात. मावळे गडावर न ठेवता पायथ्याशी, वेगळ्या फळीवर मांडावेत.