परसातील शेगडी आणि तिची निगा

एखाद्या उपकरणाचा इतिहास सांगताना ते कोणी शोधले, कोणी विकले आणि कोणी वापरले, एवढेच बहुधा सांगितले जाते. ते घासले कोणी, हा प्रश्न इतिहासकाराच्या मनात क्वचितच येतो. वास्तविक जी वस्तू वारंवार विस्तवावर चढते, तिचे आयुष्य घडविणाऱ्याच्या हाताइतकेच घासणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असते. अमेरिकेतील घरांच्या परसात दिसणारी भाजणीची शेगडी, जिला तिकडे ‘बार्बेक्यू ग्रिल’ म्हणतात, हे याचे एक बोलके उदाहरण आहे. या शेगडीत जसजशी सुधारणा झाली, तसतसे तिच्यावर साचणाऱ्या मळाचे रूप पालटले; आणि त्या मळाशी झुंजण्याची रीतही पालटत गेली.

‘बार्बेक्यू’ या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत आहे. खांबांवर आडव्या काठ्या बांधून केलेल्या माचाला ते ‘बारबाकोआ’ म्हणत. अशा माचावर निजता येई, धान्य ठेवता येई आणि खाली मंद विस्तव करून मासे किंवा मांस भाजताही येई. गोन्सालो फर्नांदेस दे ओविएदो या स्पॅनिश इतिहासकाराने 1526 साली छापलेल्या ग्रंथात हा शब्द नोंदविला. पुढे 1585 च्या सुमारास जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराने उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मासे भाजण्याच्या अशाच एका माचाचे चित्र रेखाटले, आणि थिओडोर द ब्राय याने 1590 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या कोरीव आवृत्तीमुळे ते युरोपभर पोहोचले. हा माच घासण्याचा प्रश्नच नव्हता. काठ्या जळत आल्या की त्या विस्तवात लोटून द्याव्या आणि रानातून नव्या तोडून आणाव्या, इतके ते काम सोपे होते. भांडे स्वतःच सरपण असले म्हणजे मळाचीही राख होते.

अठराव्या शतकात व्हर्जिनियातील जमीनदारांमध्ये या भाजणीला मोठ्या मेजवानीचे रूप आले. अलेक्झांड्रिया येथील अशा एका मेजवानीला आपण रात्रभर थांबलो, अशी नोंद जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या 1769 च्या रोजनिशीत आहे. जमिनीत लांब खड्डा खणायचा, त्यात कठीण लाकूड जाळून निखारे करायचे आणि त्यांवर आडव्या दांड्यांच्या आधाराने अख्खे जनावर तासन्‌तास भाजायचे, अशी ही पद्धत होती. दक्षिणेकडील वसाहतींत खड्डा खणण्यापासून तो बुजविण्यापर्यंतचे कष्टाचे काम मुख्यतः गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांकडे असे. आजच्या अमेरिकी बार्बेक्यूचे बरेचसे कौशल्य त्यांच्याच हातांनी सिद्ध झालेले आहे. यजमानांच्या आणि पाहुण्यांच्या लेखनात मेजवानीची तारीख सापडते. रात्रभर निखारे सारणाऱ्यांची आणि सकाळी राख भरणाऱ्यांची नावे बहुधा सापडत नाहीत.

ही भाजणी खड्ड्यातून वर येऊन घरगुती होण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली म्हणजे तयार कोळशाची वडी. अशा वडीचे पेटंट पेनसिल्व्हेनियातील एल्सवर्थ झ्वॉयर याने 1897 मध्ये घेतले होते. पण तिला देशव्यापी बाजारपेठ मिळाली ती मोटारींमुळे. हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ गाडीत लाकडाचा वापर बराच होई. त्यासाठी मिशिगन राज्यात उभारलेल्या कारखान्यात लाकडाचे तुकडे आणि भुसा यांचे ढीग साचू लागले. 1920 च्या दशकात त्यांचा कोळसा करून, पिठूळ खळीने त्याच्या वड्या पाडून, फोर्ड यांच्याच मोटारविक्रेत्यांकडून त्या विकण्यात आल्या. पुढे 1951 मध्ये हा व्यवसाय विकला गेला, आणि जंगलखरेदीत फोर्ड यांना साहाय्य केलेल्या एडवर्ड किंग्जफर्ड यांचे नाव त्या कोळशाला मिळाले.

दुसरी गोष्ट म्हणजे महायुद्धानंतर वाढलेली उपनगरे. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउनसारख्या वसाहती 1947 पासून उभ्या राहू लागल्या, आणि मध्यम स्थितीतील कुटुंबाला घरामागे हिरवळीचा तुकडा मिळाला. त्या काळच्या उघड्या शेगडीत वारा शिरे, पावसात विस्तव विझे आणि राख पाहुण्यांच्या अंगावर उडे. शिकागोच्या एका धातुकामाच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे मोठे पोकळ गोळे तयार होत असत. तेथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये अशा गोळ्याचे दोन भाग केले. खालच्या भागाला पाय आणि वरच्या भागाला मूठ जोडली आणि हवा खेळण्यासाठी छिद्रे ठेवली. वारा, पाऊस आणि भडका यांवर झाकणाचा एकच उपाय लागू पडला. परंतु झाकण आले आणि त्याच्या आतल्या बाजूस धूर व चरबी यांचा थर चढू लागला. खालची छिद्रे राखेने बुजली की विस्तव गुदमरू लागला. उघड्या शेगडीतील वाऱ्याबरोबर निघून जाणारा मळ आता आत कोंडला गेला. तळाशी फिरती पाती बसवून राख खालच्या भांड्यात लोटण्याची सोय पुढे करण्यात आली, ती याच कारणाने.

या मळाचे स्वरूप समजून घेतले, तर निगेचे नियम आपोआप उलगडतात. लोखंडाला हवा आणि ओलावा एकत्र भेटले की गंज चढतो. तापलेल्या लोखंडावर तेलाचा अगदी पातळ हात फिरविला, तर त्या तेलाचे कण एकमेकांत गुंफून कठीण, काळसर कवच तयार होते, आणि ते लोखंडाला ओलाव्यापासून राखते. कोकणात बिडाच्या तव्याला नारळाच्या शेंडीने तेल फासणाऱ्या गृहिणीला हा नियम रसायनशास्त्राचे नाव न घेताही ठाऊक असतो. अमेरिकेतील बिडाच्या जाळीलाही हीच माया लावावी लागते. मात्र हे कवच वेगळे आणि जळक्या अन्नाची खपली वेगळी. पहिले जपायचे असते, दुसरी खरवडून काढायची असते. राखेचेही असेच आहे. लाकडाच्या राखेत क्षार असतात आणि ओल्या राखेने चरबी निघते, म्हणूनच महाराष्ट्रातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या राखेने भांडी घासली गेली. पण तीच राख शेगडीच्या तळाशी ओली होऊन पडून राहिली, तर पत्र्याला खाते. मोरीवर उपकारक ठरलेली वस्तू मुक्कामाला राहिली की अपकारक होते.

1960 च्या दशकापासून गॅसच्या शेगड्या प्रचारात येऊ लागल्या. कोळसा गेला, राख गेली, आणि आता साफ करण्यास काही उरले नाही असा पुष्कळांचा समज झाला. तो खरा नव्हता. ज्योतीवर पसरलेले ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड गळणारी चरबी शोषून घेत आणि पुरेशी साचली की एकाएकी भडका उडे. 1985 मध्ये बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध शेगडीत या दगडांऐवजी उतरत्या धातूच्या पट्ट्या बसविण्यात आल्या. काही चरबी त्यांवर जळून जाते आणि उरलेली खालच्या तबकात ओघळते. ते तबक रिकामे करण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले. साचलेली चरबी पेट घेऊन लागणाऱ्या आगी हा तेथील अग्निशामकांच्या नेहमीच्या इशाऱ्याचा विषय आहे. याशिवाय गॅसच्या अरुंद नळीत कोळी जाळे विणतात. मग गॅसची वाट अडते आणि ज्योत भलतीकडेच निघते. म्हणून हिवाळाभर झाकून ठेवलेली शेगडी पुन्हा पेटविण्यापूर्वी नळ्या साफ कराव्या आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, असा नियम सांगितला जातो.

या इतिहासातील सर्वांत चमत्कारिक प्रकरण आहे ते साफ करण्याच्या साधनाचेच. जाळी घासण्यासाठी तारेचा ब्रश घरोघरी आला. त्याची एखादी बारीक तार तुटून जाळीला चिकटे, तेथून अन्नात जाई आणि अन्नाबरोबर पोटात उतरे. र्‍होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात मार्च 2011 ते जून 2012 या काळात असे सहा रुग्ण आढळले. काहींच्या घशात तार रुतली होती, तर काहींच्या आतड्याला भोक पडून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने 2012 मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. पुढे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2002 ते 2014 या वर्षांत अशा इजांमुळे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्यांची संख्या सुमारे 1700 असावी, असा अंदाज मांडण्यात आला. स्वच्छतेसाठी घेतलेले साधनच अपायाचे कारण व्हावे, यात दोष स्वच्छतेचा नसून झिजलेले साधन वेळीच न टाकण्याचा आणि घासल्यावर जाळी न पुसण्याचा आहे. आता पुष्कळजण लाकडी खरवडणी, चुरगाळलेला ॲल्युमिनियमचा कागद किंवा काट्याला टोचलेला अर्धा कांदा वापरतात. तापल्या तव्यावर अर्धा कांदा फिरवून मग घावन घालणाऱ्या मराठी स्त्रीला यात नवे काहीच वाटणार नाही.

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात 1965 मध्ये बदल झाल्यानंतर तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या परसातही ही शेगडी आली. तिच्यावर मक्याची कणसे भाजली जातात, भरिताची वांगी भाजली जातात. एकाच जाळीवर सामिष आणि निरामिष दोन्ही पदार्थ भाजायचे झाल्यास ती घासण्याची चिंता आरोग्यापुरती राहत नाही. समोर जेवायला बसलेल्या पाहुण्याचा विश्वास राखण्याचीही ती चिंता होते.

पान वाढून झाल्यावर आणि पाहुणे गेल्यावर करावयाचे काम थोडेसेच आहे. जाळी गरम असतानाच खरवडावी, ओल्या फडक्याने पुसावी, आणि कोरडी झाल्यावर तिला तेलाचा हात द्यावा. कोळशाच्या शेगडीची राख पूर्ण थंड झाल्याखेरीज हलवू नये, कारण विझलेला दिसणारा निखारा आत दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. आणि काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यातच भरावी. व्हर्जिनियातील खड्ड्याकाठी हे काम ज्यांनी केले, त्यांना ते नाकारण्याची मुभा नव्हती. आजच्या परसात ते ज्याच्या वाट्याला येते, त्याने निदान ते हलके समजू नये. आणि ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांनी ते कोणी केले याची विचारपूस अवश्य करावी.