जामगी, गार आणि टोपी

बंदुकीच्या इतिहासात नळीइतकाच महत्त्वाचा प्रश्न दारूला आग कशी लावायची हा होता. बीड जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास या प्रश्नाची सगळी उत्तरे एकामागून एक येऊन गेली. जानेवारी १६३१ मध्ये मोगल सरदार आझमखानाने निजामशाहीकडून धारूरचा किल्ला घेतला, त्या काळी दख्खनच्या बंदुका जामगीवर उडत. जामगी म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, संथपणे धुमसणारी वात. कळ दाबली की ती नळीच्या कानापाशी, म्हणजे बारीक छिद्रापाशी, ठेवलेल्या रंजकाच्या दारूवर टेके आणि बार होई. पावसात जामगी विझे, रात्री तिचा निखारा शत्रूला दिसे.

पुढची पायरी गारेची. ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई आजच्या बीड जिल्ह्याच्या सीमेलगत झाली. तिथे निजामाच्या बाजूला फ्रेंच सेनानी रेमंडच्या आणि मराठ्यांकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी समोरासमोर आल्या. अशा पलटणींचे हत्यार गारेची बंदूक होते. गार पोलादावर घासून ठिणगी पडे, पण रंजक मात्र अजून नळीबाहेर उघड्यावरच पेटे.

ते झाकले एका स्कॉटिश पाद्र्याने. अलेक्झांडर फोर्साइथला शिकारीचा नाद होता आणि रंजकाचा भपका पाहूनच पक्षी उडून जातात, ही त्याची तक्रार होती. नुसत्या ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचे पेटंट त्याने १८०७ मध्ये घेतले. पुढील दोन दशकांत हे मिश्रण तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरले जाऊ लागले. नळीच्या मुळाशी असलेल्या पोकळ खुंटावर टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आदळला की ज्वाला आत जाते. ठासणीच्या बंदुकीची हीच टोपी आजच्या प्राइमरची पूर्वज. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला तीही कागदाची होती आणि टोपी शिपाई वेगळी लावत असे. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, तेव्हा हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती.

टोपी काडतुसाच्या तळात कायमची जाऊन बसली ती १८६० च्या दशकात. वूलिचच्या कारखान्यातील एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेतील हायरम बर्डन यांनी जवळजवळ एकाच वेळी दोन रचना केल्या. मसाला जिच्यावर चिरडून पेटतो ती ऐरण बॉक्सरच्या रचनेत टोपीच्या आतच असते आणि पुंगळीच्या तळाला मध्यभागी एक छिद्र असते. बर्डनच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक छिद्रे असतात. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि ब्रिटिश फौजेच्या थ्री नॉट थ्री काडतुसात अमेरिकनाची बसली. म्हणून रिकाम्या पुंगळीत डोकावून छिद्रे मोजणे ही काडतूस ओळखण्याची पहिली खूण ठरते.

दुसरी खूण तळावरच्या ठशाची. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. तिथल्या थ्री नॉट थ्रीच्या तळावर के आणि एफ ही रोमन अक्षरे, सरकारी मालाचा बाण आणि वर्षाचे आकडे असत. टोपीभोवतीच्या लाखेचा रंग गोळीचा प्रकार सांगे. ब्रिटिश संकेतात साध्या गोळीला जांभळी लाख, प्रकाशरेषा सोडणाऱ्या गोळीला लाल. खोके हरवलेली सुटी टोपी मात्र जवळपास काहीच सांगत नाही. तांब्याचा किंवा निकेलचा रंग पाहून आतल्या मसाल्याविषयी अनुमान काढणे धोक्याचेच.

कारण खरा भेद त्या मसाल्यातच आहे. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे, बऱ्याचदा पाऱ्याचे फल्मिनेटही. क्लोरेट जळून उरणारा क्षार मिठासारखा हवेतील ओल धरतो आणि नळी गंजवतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून शिपायांना गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त लावलेली असे. पाऱ्याने पुंगळीचे पितळ ठिसूळ होई. शिशाच्या स्टिफ्नेटवर चालणाऱ्या, गंज न आणणाऱ्या टोप्या १९२० च्या दशकात जर्मनीत आल्या, पण बहुतेक लष्करांनी त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच पूर्णपणे स्वीकारल्या. त्यामुळे ठशावरचे वर्ष वाचता आले तर टोपीत कोणता मसाला आहे याचे अर्धे उत्तर मिळते.

१९४८ मध्ये बीड हैदराबादच्या निजामाच्या राज्यातच होते. भारताने शस्त्रांची वाट रोखल्यावर सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून हैदराबादला चोरून शस्त्रे उतरवत होता. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईने ते प्रकरण संपले. थ्री नॉट थ्री मात्र संपली नाही. ती २००८ मध्येही महाराष्ट्र पोलिसांच्या हाती होती. तोपर्यंत जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखानाही लहान हत्यारांची काडतुसे बनवू लागला होता. खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही घेतली. त्यामुळे आजोबांच्या पेटीत सापडलेली टोप्यांची डबीदेखील कायद्याच्या लेखी दारूगोळाच असते आणि परवान्याशिवाय काडतूस भरणे हा गुन्हा ठरतो. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे.